पिल्लांच्या बल्बखाली एक रेणू

शुक्रवार, ६ जुलै २००७. सकाळी ७.५०

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. आधीच्या चार वह्यांसारखं होऊ द्यायचं नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे (आज अपवाद, घड्याळाने दगा दिला). चहा दिवसाला दोनच. स्टाफरूममध्ये तोंड बंद ठेवणे, तिथे सगळे कान टवकारून बसलेले असतात. फेब्रुवारीपर्यंत जगाच्या हातात रिझल्ट.

कशाचा, ते एकदाच नीट लिहून ठेवतो. सोन्याची केसासारखी तार घ्यायची. हळूहळू ताणून मध्ये तोडायची. तुटताना जी फट पडते ती इतकी बारीक की तिच्यात एखाद्या पदार्थाचा एकच रेणू मावतो. दोन्हीकडे सोनं आणि मध्ये पूल म्हणून तो एकटा रेणू. त्याच्यातून करंट सोडायचा. मग वरून प्रकाश टाकायचा आणि करंट बदलतो का ते बघायचं. परदेशात यासाठी जमिनीखाली लॅब बांधतात. मी, आल्हाद टिपणीस, ज्युनियर कॉलेजात एकोणीस वर्षं फिजिक्स शिकवणारा, हे भिवंडीत करणार.

प्रमोदिनीला सांगितलं. तिने विचारलं, आधी हॉलमधली ट्यूबलाइट कधी लावताय. बायकोकडून हीच अपेक्षा होती.

मंगळवार, १० जुलै

सामान जमलं. तार सोनाराने भोकांच्या पट्टीतून ओढून दिली. कशाला पाहिजे ते मी सांगितलं नाही, तरी तीनदा विचारलंन. वाकायला स्टीलची पट्टी, एका भंगार पॉवरलूमची. पट्टीवर तार चिकटवायची आणि खालून स्क्रू पिळला की पट्टी वाकते, तार ताणते, तुटते. कॉलेजचा नॅनोअँपिअरचा मीटर सही करून घरी आणला. रेणू म्हणून डाइंगवाल्याकडचा साड्यांचा गुलाबी रंग. स्पिरिटमध्ये एक थेंब. रंगाचं कामच प्रकाश खाणं. किती सोपा विचार! अजून कोणाला सुचला कसा नाही?

संध्याकाळी पहिला प्रयत्न. मीटरवरचे आकडे भुताने झपाटल्यासारखे नाचतायत. भिंतीपलीकडे चोवीस लूम. आमच्या निजामपुऱ्यात ताटातलं वरणसुद्धा हलत असतं, तिथे एका रेणूची काय कथा.

वहीच्या शेवटच्या पानावर 'घातकी' अशी यादी सुरू केली आहे. क्र. १: शेजारचे लूम.

शुक्रवार, १३ जुलै

युक्ती! शुक्रवारी लूमना सुट्टी. रजा टाकली. सकाळी दहाला अख्खा मोहल्ला शांत, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरातलं घड्याळ ऐकलं. स्क्रू पिळला. तार ताणली. अकराला लाइट गेली.

वायरमनला विचारलं. म्हणाला, साहब, लूम बंद रहते हैं ना, तो लाइन का काम जुम्मे को ही निकालते हैं. म्हणजे लाइट असते तेव्हा शांतता नाही आणि शांतता असते तेव्हा लाइट नाही. क्र. २: वायरमन.

मंगळवार, ७ ऑगस्ट

अकरावीला उष्णतेचं प्रात्यक्षिक होतं. एकोणीस वर्षं तेच सामान, तेच प्रश्न, पोरांचे तेच पुढे केलेले हात. रेणूशी बोलणाऱ्या माणसाने हे करायचं? आमच्या लॅबच्या मनोजला सांगितलं, यंदा तूच दाखव. मनोज म्हणाला, पोरांना सरांकडूनच बघायला आवडतं. कामचुकार. क्र. ३.

रविवार, १२ ऑगस्ट

केसरीनाथशेठ धावून आले. खारबावचे. यांची मुलगी दिपाली माझी विद्यार्थिनी, आता पुण्यात मोठ्या संस्थेत रिसर्च करते. मीच घडवली. शेठ तेव्हापासून मला देवासमान मानतात, घरचे मानत नाहीत ती गोष्ट वेगळी. कशेळीला त्यांचं गोडाऊन रिकामं आहे. म्हणाले, सर, चावी घ्या, भाड्याची बात काढायची न्हाय.

आज जाऊन आलो. गोडाऊन प्रशस्त. बाहेर कंटेनरची रांग ठाण्यापर्यंत. एक कंटेनर वळला की तार तुटते. दुसरा वळला की परत जुळते. दुपारपर्यंत नऊ तारा गेल्या.

केसरीनाथशेठना यादीत घालत नाही. भाबडा माणूस आहे.

रविवार, २ सप्टेंबर

शेवटी खारबाव. शेठची जुनी पोल्ट्री. गेल्या वर्षी बर्ड फ्लूच्या अफवेत कोंबड्या गेल्या, तेव्हापासून शेड ओस. जमीन मातीची, चारी बाजूंना भात. फक्त रेल्वे आहे. पॅसेंजरचं काही नाही, मालगाडी मात्र येते तेव्हा शेडचे पत्रे आरती म्हणतात. स्टेशनमास्तरांकडे मालगाड्यांचं टाइमटेबल मागितलं. ते हसले. क्र. ४.

वास आहे. शास्त्रज्ञाला नाक नसतं.

प्रकाशासाठी काय लावायचं हा प्रश्न शेडनेच सोडवला. छताला दोनशे वॅटचा बल्ब, पत्र्याच्या टोपीसकट, तयार लटकतोय. तारेच्या वर वीतभर उंचीवर आणून बांधला. झकास लखलखाट. शेठ दारात उभे होते. म्हणाले, सर, तो उजेडाचा बल्ब न्हाय, पिल्लांना ऊब द्याया लावलेला. मी हसलो. म्हटलं, शेठ, रेणूला काय फरक पडतो, उजेड तो उजेड. ते मान हलवून चहा सांगायला गेले.

रविवार, ७ ऑक्टोबर. दुपारी १.२०

उभ्यानेच लिहितोय. अक्षर वाईट येणार.

तार तुटली. गुलाबी थेंब सोडला. आकडा स्थिर झाला, खरोखर स्थिर, देवघरातल्या समईसारखा. मालगाडी नाही. कुत्रं नाही. शेठही नाहीत. बल्ब लावला.

करंट वाढला.

हळूहळू. ऐटीत. मोजलं, चाळीस सेकंदांत दुप्पट. बल्ब बंद केला. हळूहळू उतरला. परत लावला. परत वाढला! एका रेणूने, माझ्या गुलाबी रेणूने, प्रकाश खाल्ला आणि करंटला वाट मोकळी करून दिली.

मी रडलो. लिहून ठेवतो, लाज कसली. शेडच्या बाहेर येऊन भाताकडे बघत रडलो. शेठची बायको, जिला सगळं गाव ताई म्हणतं, बांधावरून चालली होती. तिने विचारलं, सर, कोन गेलं?

रविवार, १४ ऑक्टोबर

अकरा वेळा करून पाहिलं. अकराही वेळा तेच. याला 'टिपणीस परिणाम' म्हणायचं ठरवलं. आधी 'आल्हाद परिणाम' सुचलं होतं, पण ते एखाद्या औषधाच्या बाटलीवरचं वाटतं.

एक निरीक्षण: रेणू लगेच प्रतिसाद देत नाही, चाळीस सेकंद घेतो. विचार करतो. याच्यावर वेगळा पेपर होईल.

प्रमोदिनीला सांगितलं. तिने माझ्या आवडीचं वालाचं बिरडं केलं होतं, तिच्या म्हणण्याप्रमाणे योगायोग. मी म्हणतो, आनंद झाला होता बाईंना. कबूल करणार नाहीत.

रविवार, ११ नोव्हेंबर. भाऊबीज

काळा दिवस.

दिपाली दिवाळीला घरी आलेली. मी स्वतः बोलावलं. म्हटलं, ये, बघ, तुझ्या सरांनी काय केलंय. ती आली, नवी साडी सांभाळत, कोंबड्यांच्या त्या वासात, वाकून अर्धा तास बघत होती. पट्टीचं कौतुक केलं. स्क्रूचं कौतुक केलं. म्हणाली, सर, एवढ्याशा सामानात एवढी स्थिर फट, आमच्याकडे लोकांना वर्षभर जमत नाही. माझी छाती फुगली.

मग मी बल्ब लावला. करंट वाढू लागला. तिने घड्याळ बघितलं. विचारलं, सर, वाढायला किती वेळ लागतो? मी अभिमानाने म्हटलं, चाळीस सेकंद. तिने बल्बकडे बघितलं, मग तारेकडे. बराच वेळ. मग हळूच म्हणाली, सर, मध्ये एक पाण्याचा ग्लास ठेवून बघूया का? काचेचा?

पाण्याचा ग्लास! माझ्या रेणूच्या डोक्यावर!

मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, असंच, सर. बघूया तर. आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मला काहीतरी आठवायला हवं. मला काही आठवलं नाही. मी म्हटलं, बघू. ती पाया पडून गेली.

असंच! रिसर्चमधली माणसं 'असंच' काही करत नाहीत. हिला माझा प्रयोग बिघडवायचा आहे. पाणी सांडलं की तार गेली, तार गेली की रिझल्ट गेला, आणि पुण्यात हीच गुलाबी रंग घेऊन बसणार. जिला हाताला धरून शिकवलं तिनेच!

क्र. ५: दिपाली. लिहिताना पेन अडखळलं. रिफिल संपत आली असावी.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

ग्लास न ठेवण्याची कारणं, शांतपणे:

पाण्यामुळे प्रकाश वाकतो. खारबावचं पाणी मचूळ आहे. शेडमध्ये काचेचा ग्लास नाही, स्टीलचे आहेत. आणि मूळ म्हणजे, का ठेवायचा? सोनं आहे हे माहीत असताना कसोटीवर कोण घासतं?

प्रमोदिनी म्हणाली, सगळे सोनार घासतात.

रविवार, २ डिसेंबर

पेपर लिहायला घेतला. शीर्षक झालं. आभार झाले. (दिपालीचं नाव घातलं. खोडलं. परत घातलं. खोडलं.)

शेठ चहा घेऊन आले. बल्बकडे बघून म्हणाले, सर, हितं बसलं की बरं वाटतं थंडीचं, पिल्लं पन अशीच गोळा व्हायची याच्याखाली. मी म्हटलं, शेठ, काम करू द्या.

रविवार, १६ डिसेंबर

घरून काचेचा ग्लास पिशवीत घालून नेला. फक्त नेला. ठेवायचा की नाही हे तिथे जाऊन ठरवणार होतो. शेडमध्ये पोचल्यावर वाटलं, मी तिच्या दबावाखाली आलो तर स्वाभिमान कसला? ग्लासात शेठनी चहा ओतून दिला.

शनिवार, १९ जानेवारी २००८

मुंबईला सेमिनार. माझं पोस्टर दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छतागृहाशेजारी, म्हणजे येणारे-जाणारे भरपूर. सकाळभर कोणी थांबलं नाही. जेवणानंतर एक दाढीवाले गृहस्थ थांबले. पोस्टर वाचलं. खालपर्यंत वाचलं! मग विचारलं, रिस्पॉन्स टाइम किती?

मी म्हटलं, चाळीस सेकंद.

ते हसले. वाईट नाही, गोड हसले, तेच जास्त लागलं. म्हणाले, वॉटर फिल्टर लावून पाहिलंत का? मध्ये थोडं पाणी?

 पाणी! तोच शब्द! हिंदुस्थानातल्या दोन माणसांना एकमेकांशी न बोलता हेच कसं सुचेल? म्हणजे दिपालीने सगळीकडे सांगितलंय. माझी थट्टा चाललीये. पुण्यापासून मुंबईपर्यंत माझ्या नावाने ग्लास भरतायत.

पोस्टर गुंडाळून तीनलाच निघालो. प्रमाणपत्र घ्यायचं राहिलं.

रविवार, २० जानेवारी

दिपालीच्या पुण्याच्या सरांना पत्र लिहिलं. साडेतीन पानं. मुद्दे: ही मुलगी माझी कल्पना चोरू पाहते. माझ्या कामाविषयी अफवा पसरवते. हिच्या चारित्र्याविषयी (इथे 'वैज्ञानिक' हा शब्द वरून घातला) गंभीर शंका आहेत. चौकशी व्हावी.

प्रमोदिनीने वाचलं. परवानगीशिवाय. म्हणाली, अहो, त्या पोरीचं वाटोळं होईल. मी म्हटलं, तिने माझं केलं त्याचं काय? म्हणाली, तिने फक्त पाणी मागितलंय, एकदा ठेवून बघा ना तो ग्लास, पाण्याला काय पैसे पडतात? मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्व नाही हो, घाबरताय तुम्ही.

क्र. ६: प्रमोदिनी.

शुक्रवार, २५ जानेवारी

पत्र रजिस्टर एडीने टाकलं. स्वतः. घरच्यांवर विसंबून चालणार नाही. पोस्टातल्या बाईने शिक्का मारला तेव्हा एकदा परत मागावंसं वाटलं. मागे रांग होती.

रविवार, ३ फेब्रुवारी

केसरीनाथशेठनी ठरवलंय: अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन, त्या दिवशी खारबावला माझा जाहीर सत्कार. मंडप, शाल, नारळ, बॅनर. बॅनरचा नमुना दाखवला: माझा फोटो, बाजूला बल्ब, वर 'आमच्या गावच्या पोल्ट्रीतून जगाच्या नकाशावर'. मी नको नको म्हटलं, मग फोटो जरा मोठा करायला सांगितला.

जाताना शेठ घुटमळले. म्हणाले, सर, पोरीचं काय तरी अडकलंय पुन्याला. फोनवर नीट बोलंना. कोनी तरी तिच्याविरुद्ध कागद दिलाय म्हने, तिची फेलोशिप वाढवायची ती कमिटीसमोर थांबलीय. ताई दोन दिस जेवली न्हाय. तुमी तिचे गुरू. तुमी तिच्या सरांना एक शब्द टाका ना.

मी म्हटलं, बघतो.

शेठनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात खरखरीत आणि गरम. 

बुधवार, ६ फेब्रुवारी

झोप नाही. ॲसिडिटी असावी. कमिटी म्हणजे नुसती औपचारिकता असते. सत्याचा विजय होतोच. फक्त कोणाचं सत्य, एवढाच प्रश्न.

बिरडं होतं. खाल्लं नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी. दुपार

पुण्याहून पाकीट. तिचं अक्षर. लगेच ओळखलं, अजून 'र' तसाच काढते.

पत्र एकच पान. जसंच्या तसं नाही, पण मथितार्थ उतरवून ठेवतो, म्हणजे नंतर मी त्यात फेरफार करायला नको.

लिहिते, सर, तुमचं पत्र माझ्या गाइडनी मला दिलं आणि म्हणाले, तूच खुलासा कर. मी कमिटीला खुलासा दिला, माझं काम पुढे सुरू राहील, तुम्ही काळजी करू नका. (मी काळजी!) बाबांना पत्र कोणाचं ते सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सर, सोनं तापलं की फुगतं. दोन्ही टोकं जवळ येतात, फट कमी होते, करंट वाढतो. प्रकाशाला वेळ लागत नाही, चाळीस सेकंद तापायला लागतात. हा घोळ आमच्या लॅबमध्येही होतो, मोठमोठ्यांचा झालाय, याच्यात लाज नाही. पाणी उष्णता अडवतं आणि उजेड जाऊ देतं, म्हणून ग्लास म्हटलं. कमिटीने विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मी सोबत पुरावा जोडला. त्याचीच एक झेरॉक्स तुम्हाला पाठवते.

झेरॉक्स पाहिली.

अकरावीचं जर्नल. दिपाली केसरीनाथ पाटील, ऑगस्ट १९९९. प्रयोग: 'बल्बची उष्णता व पाण्याचा ग्लास'. आकृतीत बल्ब, ग्लास आणि एक हात. निष्कर्षाच्या चार ओळी. खाली सही. झेरॉक्समध्ये काळी दिसते, पण मला माहीत आहे ती लाल आहे. शेरा: 'कारण अचूक लिहिले आहे. शाब्बास. आ. टिपणीस.'

अक्षर माझंच आहे. तेव्हा बरं होतं.

प्रमोदिनी मागे उभी राहून वाचत होती. मग आत निघून गेली. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २४ फेब्रुवारी. खारबाव, शेड

सकाळी ९.००. ग्लास आणला. काचेचा. पाणी घरून बाटलीत.

९.२०. तार तुटली, थेंब टाकला, आकडा स्थिर.

९.२५. ग्लासाशिवाय बल्ब. चाळीस सेकंदांत दुप्पट. बघा! बल्ब बंद.

९.४०. बल्ब आणि तारेच्या मध्ये फळी आडवी टाकून तिच्या भोकावर ग्लास ठेवला. पाणी काठोकाठ. खाली तारेवर उजेड पडलाय, स्पष्ट, गुलाबी थेंब चमकतोय. चाळीस सेकंद. एक मिनिट. दोन मिनिटं.

आकडा हलला नाही.

९.५५. ग्लास सदोष असावा. शेठकडून दुसरा आणला. तोच प्रकार.

१०.१०. तिसरा ग्लास. ताईंचा, फुलांच्या नक्षीचा. तोच.

१०.३०. ग्लास काढला. वाढला. ठेवला. थांबला. काढला. वाढला. पाण्यात बोट बुडवून पाहिलं. कोमट झालंय. जेवढं माझं होतं, तेवढं सगळं त्या ग्लासात.

मालगाडी आली तेव्हा तार तुटली. परत जुळवली नाही.

बल्ब चालू ठेवून त्याच्याखाली बसून राहिलो. खरंच बरं वाटतं. थंडीचं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

पत्र. दिपालीच्या सरांना. सहा ओळी. माझी तक्रार खोटी होती, चूक माझी, मुलगी माझ्यापेक्षा चांगली शास्त्रज्ञ आहे, ती मी शिकवलेलं विसरली नाही, मी विसरलो. पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा सातवी ओळ येत होती, 'तथापि' अशी सुरुवात होऊन. सहाव्यांदा सहा ओळींवर थांबलो. पोस्टात टाकलं. आज रांग नव्हती.

केसरीनाथशेठना फोन केला, सत्कार रद्द करा म्हणून. शेठ म्हणाले, सर, मंडप पडलाय. आनि दिपाली येतेय खास. मी फोन ठेवला.

गुरुवार, २८ फेब्रुवारी. घरी, रात्री १०.४०

मंडप होता. बॅनर होता, फोटो खरोखरच मोठा. चारशे माणसं, निम्मी जेवणाला. स्टेजवर दोन हॅलोजन, तोंडावर, घाम. दिपालीने शाल घातली. पाया पडली. मी म्हटलं, पत्र टाकलंय. ती म्हणाली, कळलं, सर, सरांचा फोन आला होता. एवढंच. तिचे डोळे भरले होते की माझे, ते हॅलोजनमुळे कळलं नाही.

मग शेठनी माइक दिला. म्हणाले, सर, सोप्या भाषेत सांगा, गावाला कळूं दे. समोर पहिल्या रांगेत ताई. बाजूला प्रमोदिनी, हातात पदराचा गोळा.

भाषण लिहून नेलं होतं. खिशातच राहिलं. समोर टेबलावर पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला काचेचा ग्लास.

मी शेठनाच पुढे बोलावलं. म्हटलं, या दिव्यासमोर हात धरा. कसं वाटतं? शेठ म्हणाले, चटका लागतो. मी मध्ये ग्लास धरला. आता? शेठनी हात हलवून पाहिला. म्हणाले, उजेड हाय पन चटका न्हाय. मी माइकमध्ये विचारलं, का?

 मग खालून दिपालीचा आवाज, अकरावीतला, अगदी तोच: पाणी उष्णता अडवतं, सर.

मी म्हटलं, शाब्बास. बसा. आणि मीही बसलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाची वेळ झाली होती.

परत येताना शेठ गाडीपर्यंत आले. म्हणाले, सर, ते रेणूचं न्हाय सांगितलंत? मी म्हटलं, शेठ, तेच होतं ते. शेठना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, म्हंजे मी म्हनलेलं ते? पिल्लांच्या उबेचं? मी हो म्हटलं. शेठनी गाडीचं दार नीट लावून दिलं. यादीत त्यांचं नाव घातलं नव्हतं ते एक बरं झालं.

शेवटचं पान काढून बसलोय. लूम, वायरमन, मनोज, स्टेशनमास्तर, दिपाली, प्रमोदिनी, सगळी खोडली. क्र. ७ लिहायला घेतला, 'आ'पर्यंत आलो, तेवढ्यात प्रमोदिनी आत आली आणि म्हणाली, अहो, आता तरी हॉलमधली ट्यूब लावता का?

लावली. लगेच लागली.